नवमीचे बूट

"सूनबाई, राग मानू नका, पण यंदा तुम्ही मैदानात येऊ नका."

नाना चौगुले हे म्हणाला तेव्हा त्याच्या हातात मी केलेलाच चहा होता. तो त्यानं बशीत ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडं न बघता सुर्रकन ओढला. सोप्यात निशाण तालमीची आणखी चार टाळकी बसली होती. प्रत्येकाची नजर आपापल्या कपात. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, कॉटवर बसून सुपारी कातरत होते. तालमीची किल्ली त्यांच्या करदोट्याला आणि तालमीतला शेवटचा शब्द त्यांच्या तोंडात. पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. अडकित्ता तेवढा बोलत होता.

"का म्हणे?" मी विचारलं.

"तसं काय न्हाई. पोरांचं म्हणणं पडलं—"

"पोरांचं राहू द्या. तुमचं सांगा."

नानानं बशी खाली ठेवली. "तुमचं लगीन झालं गेल्या साली मे महिन्यात. तवापास्नं निशाणनं एक मॅच जिंकलेली न्हाई. आन प्रत्येक मॅचला तुम्ही पायरीवर बसलेल्या. मी काय लई शिकलेला न्हाई, पण दोन आन दोन मला कळतंय."

"चौगुले, 'पांढऱ्या पायाची' म्हणायचंय ना? मग म्हणा की. असला शब्द तोंडात धरून चहा कसा पिता?"

एकाला ठसका लागला. नाना लालेलाल झाला. मामांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

बाहेरगावच्या माणसाला ह्यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. जिथं पैलवान घुमायचे तिथं कधीतरी चेंडू आला आणि घरजावयासारखा राहिलाच. पेठेची तालीम, तालमीची टीम, आणि टीमसाठी भांडायला अख्खी पेठ. माझं माहेर तोफखाना तालमीचं, सासर निशाण तालमीचं. मधे एक रस्ता आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. माझा भाऊ संपत तोफखान्याचा फॉरवर्ड. माझा नवरा धनाजी निशाणचा गोलकीपर. लग्न ठरलं तेव्हा निशाणवाले खूश होते. म्हणाले, मेव्हणा आता तरी दया दाखवील. संपतनं पहिल्याच मॅचला धनाजीच्या दोन पायांमधून गोल घातला आणि वर पायरीकडं बघून मला हात हलवला.

लग्नाआधी धनाजीला पेठेत 'भिंत' म्हणायचे. लग्नानंतर 'दार' म्हणायला लागले. तेही उघडं.

तो सीझन आम्ही पार झोपलो. वरच्या गटात कसेबसे टिकलो, तेही आमच्यापेक्षा नालायक दोन टीम निघाल्या म्हणून. पण पाऊस उघडला, मैदानावर गवत उगवलं, की निशाणवाल्यांना दरवर्षी नवी पालवी फुटते. यंदा बघाच. यंदा नवीन पोरगं आलंय डाव्या पायाचं. यंदा सराव पहाटेचा. मग सरावाचे सामने सुरू झाले आणि आम्ही प्रत्येकाकडून मार खाल्ला. एका रविवारी तर बँकेतल्या लोकांच्या टीमकडून. त्यांच्या सेंटर हाफचं पोट चेंडूच्या आधी पोचत होतं, तरी हरलो. लोक शिव्या घालत घरी जायचे, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी सूर्य उगवायच्या आत पायरीवर हजर. राग मात्र साचत चालला होता. आधी तो मैदानावर निघाला, मग चेंडूवर, मग रेफरीवर. राग टांगायला खुंटी लागतेच. शेवटी खुंटी मी निघाले.

मला फुटबॉल कुणी नवऱ्यानं शिकवलेला नाही. माझे वडील, आबा, मला खांद्यावर बसवून मैदानात न्यायचे. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला त्यांनीच शिकवली. घरात बस म्हणणं म्हणजे मला जेवू नको म्हणण्यासारखं होतं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "येत नाही. पुढची मॅच तोफखान्याशी ना? दसऱ्याची? मी घरात बसते. पण मी नसताना हरलात तर?"

"तर काय?"

"तर सगळ्या तालमीनं हलगी वाजवत ह्या दारात यायचं. मैदानात माझी जागा पायरीवर सगळ्यात पुढं. आणि परत कुणी हा विषय काढला, तर त्यानं सीझनभर आत्तींची भांडी घासायची."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "लोखंडी तवाबी घासायचा हां, नाना."

टाळकी हसली. नानाला मागं हटता येईना. "आन जिंकलो तर?"

"तर मी परत मैदानाचं नाव काढणार नाही."

"ठरलं?" नानानं मामांकडं बघितलं.

मामा म्हणाले, "ठरलं तर ठरलं."

मला नानाचा राग नव्हता आला. नाना येडा होता, पण तोंडावर बोलत होता. राग आला तो मामांचा.

धनाजी कामावरून आला तेव्हा त्याला रस्त्यातच सगळं कळलं होतं. तो उंबऱ्यावर बसून बराच वेळ चपलेचा अंगठा बघत राहिला.

"तू काहीच बोलला नाहीस का तालमीत?" मी विचारलं.

"मी काय बोलणार? गोल मीच खाल्लेत."

"हेच बोलायचं होतंस! गोल मी खाल्ले, बायकोनं नाही."

तो हळूच म्हणाला, "आता एवढं तरी सांग, जिंकू का हरू? जिंकलो तर तू घरात. हरलो तर मी दार."

"ते तुझं तू बघ," मी म्हणाले. पण मला हसू आलं, आणि ते त्यानं बघितलं.

आता खरी गंमत सांगते. खंडेनवमीला माणूस आपापल्या हत्याराची पूजा करतो. सुतार पटाशीची करतो, शिंपी मशीनची. निशाण तालमीत त्या दिवशी कसरतीचे मुद्गल, करेल आणि लेझीम मांडतात, आणि त्यांच्यासोबत झाडून सगळ्या पोरांचे बूट आणि चेंडू. तेल लावलेले, घासलेले बूट मारुतीपुढं ओळीनं मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. मग दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला शिलंगण झाल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. तोफखान्याशी सोनं लुटायची मॅच नेहमी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळं कधी काही अडलं नाही.

पण त्या वर्षी दसऱ्यापासून मैदान सर्कसवाल्यांना दिलेलं. म्हणून मॅच अलीकडं ओढून नवमीच्या दुपारी ठेवली होती. चौकातल्या फळ्यावर खडूनं तसं लिहिलेलं. मॅच नवमीला आहे हे निशाणच्या शेंबड्या पोराला माहीत होतं. बूट नवमीला पूजेत जातात हेही माहीत होतं. पण ह्या दोन गोष्टी एका डोक्यात एकाच वेळी आल्या नाहीत. सकाळी अकराच्या अकरा पोरांनी आंघोळ करून भक्तिभावानं बूट मांडले, धनाजीनं हातमोजेसुद्धा मांडले, मामांनी आरती केली, कुलूप घातलं, आणि सगळे पुरणपोळी खायला घरोघर गेले.

दुपारी दारात बोंब उठली.

"तात्या! तात्या, किल्ली!" नाना धापा टाकत मामांना हाका मारत होता. मागं सगळी टीम.

मामा पानावरून नुकते उठले होते. "कशाला?"

"बूट! मॅच हाय न्हवं!"

मामांनी सावकाश हात पुसले. त्यांच्याही डोक्यात ते तेव्हाच आलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण म्हातारा वाकणारा नव्हता.

"पूजेत मांडलेलं हत्यार शिलंगणाआधी हललं, असं माझ्या बापाच्या काळातबी झालेलं न्हाई."

"आवो तात्या, बूट काय हत्यार हाय व्हय?"

"मग सकाळी मांडलास कशाला?"

एक पोरगं म्हणालं, "विकत घेऊया." दुसरं म्हणालं, "सणाचं दुकान कोण उघडं ठेवतंय?" तिसरं म्हणालं, "तोफखान्यानं बी मांडलं असतील की!" त्यावर चौथा म्हणाला, "त्येनी एकच जुनं जोड मांडत्यात. शानी हाईत ती."

मग नानाची नजर फिरत फिरत दारामागं उभ्या असलेल्या माझ्यावर आली.

"बोला की," मी म्हणाले. "हेही माझ्यामुळंच ना? मी घरात बसले तरी माझेच पाय?"

पोरं अनवाणीच निघाली. धनाजी सगळ्यात शेवटी. हातमोजे नाहीत, पायात काही नाही, आणि जाताना माझ्याकडं बघून खांदे उडवले. असा गेला, जणू पाणी भरायला निघालाय.

मी आत येऊन बसले. खरं तर मी नाचायला पाहिजे होतं. अनवाणी टीम तोफखान्यापुढं काय टिकणार? आठ-दहा गोल बसतील, संध्याकाळी हलगी दारात, पैज माझी. एवढं सोपं. पण डोळ्यांपुढं सारखे दिसत होते ते संपतच्या बुटाचे खिळे आणि धनाजीची उघडी बोटं. मला पैज जिंकायची होती, पण अशी फुकटची नको होती. ही कुठली जीत? उद्या नाना म्हणाला असता, बूट नव्हते म्हणून हरलो, सूनबाईंचं नाव अजून साफ झालेलं नाही. आणि खरंच म्हणाला असता, मी त्याला ओळखते.

मी पदर खोचला.

"कुठं निघालीस?" आत्तींनी विचारलं.

"माहेरी."

"भांडून?"

"भांडायला."

"मग चपला घाल. माहेरी अनवाणी गेलीस तर लोक मला नावं ठेवतील."

तोफखान्याच्या तालमीसमोर रस्त्यात उभी राहून मी दोन बोटं तोंडात घातली. त्या शिट्टीला आबांनंतर एकच माणूस ओळखतो. संपत एका पायात बूट, दुसऱ्याची नाडी हातात, असा लंगडत बाहेर आला.

"वैजे? आज सणाची हितं कुठं? नवरा रडतोय काय?"

"नवरा अनवाणी गेलाय मैदानात. सगळी टीम अनवाणी गेलीय. बूट पूजेत अडकलेत."

संपत असा हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आतून बाकीचेही बाहेर आले, तेही हसले. मी हसू दिलं. हसू संपेपर्यंत थांबले.

"झालं हसून? आता बूट काढा."

"आँ?"

"तुम्हीही अनवाणी खेळा."

"आमाला काय कुत्रं चावलंय?" संपत म्हणाला. "आन तुला काय झालंय गं? आमी जिंकलो तर तुझीच पैज. सगळ्या गावाला ठावं हाय."

"माझा फायदा मला कळतो, संपत. तू एवढंच सांग. अनवाणी पोरांना खिळ्याचे बूट घालून हरवलं, ह्याला तोफखान्यात काय म्हणतात? आबा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं?"

मागच्यांनी नाड्या बांधायचं थांबवलं.

"उद्या दसरा," मी म्हणाले. "सोनं द्यायला माझ्या घरी येशील. दाजींच्या मोडलेल्या बोटांवर ठेवशील का सोनं? ठेव. मी ताट धरते."

संपतनं खाली बघितलं. हातातली नाडी सोडली. एका झटक्यात पायातला बूट काढून तालमीच्या दारात फेकला.

"काढा रे."

"आयला, संपा, तिथं काटं हाईत!"

"त्येंच्या पायाला रबर लावलंय व्हय? काढा म्हणतो न्हवं!"

मी मागं वळले. मैदानात जायचं नाही हा शब्द दिलेला, म्हणून मैदानाची गल्ली सोडून लांबच्या रस्त्यानं घरी आले आणि थेट वर गच्चीवर गेले. मैदान तिथून दिसत नाही. पण ऐकू येतं.

आणि मला ऐकता येतं. तोफखान्याची हलगी फटाक्याच्या माळेसारखी, कडकड कडकड, थांबायचं नाव नाही. निशाणची हलगी दमानं, मधेच जोडीचं जाड आवाजाचं घुमकं घुमतं. एका पेठेत वाढलेल्या आणि दुसरीत नांदणाऱ्या बाईला ह्या दोन हलग्या दोन सख्ख्या माणसांच्या आवाजासारख्या वेगळ्या येतात. आत्ती निवडायला तांदूळ घेऊन वर आल्या. म्हणाल्या, खाली उजेड नाही. खाली चांगला लख्ख उजेड होता.

बराच वेळ नुसता कल्ला. मग कडकड कडकड. आत्तींनी माझ्याकडं बघितलं.

"तोफखान्याचा गोल," मी सांगितलं.

"चांगलं झालं की. तुझी पैज."

"हो."

आत्तींनी एक खडा काढून टाकला. मला माझंच कळेना. निशाण हरू दे म्हणून देवाला मी सकाळी नमस्कार केला होता. आणि आता निशाणच्या हलगीसाठी कान टवकारून उभी होते.

मग मैदानावर एकदम चिडीचूप. एवढी शांतता म्हणजे पेनल्टी. कुणाला, ते कळेना. मी गच्चीचा कठडा धरला. आणि निशाणचं घुमकं घुमलं. हलगीशिवाय, नुसतं घुमकं. गोल झाला की हलगी आधी वाजते. नुसतं घुमकं वाजतं ते गोल अडवला की.

"अडवला!" मी ओरडले. "आत्ती, धनाजीनं पेनल्टी अडवली! उघड्या हातानं!"

"हळू. शेजारी ऐकत्यात."

"ऐकू द्या!"

थोड्या वेळानं मात्र जे काही उठलं, त्याला आवाज म्हणता येत नाही. हलगी, घुमकं, शिट्ट्या, कुणीतरी ताट वाजवत होतं. निशाणनं गोल घातला होता. तोफखान्यावर, लग्नानंतरचा पहिला गोल. आत्तींच्या सुपातले तांदूळ गच्चीभर झाले. कुणी सांडले ते मी सांगणार नाही. आम्ही दोघी होतो आणि दोघी उभ्या होतो.

त्यानंतर दोन्ही हलग्या एकमेकींत अशा गुंतल्या की मलाही काही उमगेना. मॅच संपल्याची लांब शिट्टी आली. आणि निशाणची हलगी मैदानातून उठून पेठेकडं निघाली. जवळ येत गेली. गल्लीच्या तोंडाशी आली. गुलाल उडताना दिसला.

जिंकले म्हणजे.

मी कठड्याला टेकून उभी राहिले. संपलं माझं मैदान. पायरी संपली, शिट्टी संपली. शब्द दिला म्हणजे दिला. आणि तरी माझं तोंड कानापर्यंत फाकलेलं.

"हसतीस काय, येडे?" आत्ती म्हणाल्या. "पैज गेली तुझी."

"गेली ना."

मिरवणूक दारात थांबली. पुढं नाना, डोक्याला फेटा, अंगभर चिखल आणि गुलाल. तो तर खेळला पण नव्हता. धनाजीला दोघांनी खांद्यावर घेतलेलं, पाय लोंबत होते, अंगठ्याला कुणाचा तरी रुमाल बांधलेला. मी धावत खाली आले.

"सूनबाई!" नानानं हात जोडले, आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा ओरडला, "हरलो! दोन-एकनं हरलो!"

हलगी कडाडली.

"हरलात?" मी विचारलं. "मग हे काय?"

"पैजेचं! हलगी घेऊन यायचं ठरलं हुतं न्हवं? आन काय हरलो म्हणून सांगू! गेल्या साली सात खाल्लं हुतं. आज पोरं खेळली वो! पायात बूट न्हाई म्हटल्यावर लांब किक मारता येईना, मग ह्येनं त्येला दिला, त्येनं ह्येला दिला, ल्हानपणी गल्लीत खेळायची तशी खेळली! शेवटच्या मिनिटाला तुमच्या भावानं घात केला, न्हाईतर..." त्यानं फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं. "संपतनं सांगितलं आमाला. बूट कुणी काढाय लावलं ते."

धनाजी खांद्यावरून म्हणाला, "पेनल्टी अडवली, वैजू. तुझ्या भावाची."

"ऐकली मी."

"ऐकली?"

"उतर खाली. अंगठा बघू."

मामा गर्दीच्या मागं उभे होते.

दुसऱ्या दिवशी शिलंगण झालं, सोनं वाटून झालं, आणि पोरं बुटांसाठी तालमीच्या दारात जमली. आम्ही बायका रस्त्यात उभ्या. निशाण तालमीच्या दारातून बाईमाणूस आत गेलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मामांनी कुलूप काढलं आणि मागं वळून म्हणाले, "वैजू, आत ये. बूट तू उचल, आन पोरांच्या हातात दे."

एक म्हातारा मामांकडं बघून पुटपुटला, "ज्ञानू, आत मारुती हाय. ब्रह्मचारी."

"त्येला इचारलंय मी. त्यो काय म्हणाला न्हाई."

मी उंबऱ्याशी थांबले. सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हीही काय म्हणाला नव्हता, मामा. त्या दिवशी नाना बोलत होता तेव्हा."

संपत हातात आपट्याची पानं धरून उभा होता.

मामा म्हणाले, "त्या दिवशी माझ्या तोंडात सुपारी हुती."

"आणि आज?"

त्यांनी तोंड उघडून दाखवलं. रिकामं. दातसुद्धा मोजकेच.

मी आत गेले. तेलाचा, झेंडूचा आणि लाल मातीचा वास होता. धनाजीचे बूट सगळ्यात कडेला, नाकावर कुंकवाचं बोट. ते मी आधी उचलले.

त्या सीझनला आम्ही कप वगैरे काही आणला नाही. कुणी सांगितलं तर खोटं समजा. बूट घातल्यावर पोरं पुन्हा लांब किका मारायला लागली. पण पायरीवर सगळ्यात पुढची जागा माझी झाली, ती आजतागायत. नवीन माणूस चुकून तिथं टेकला, की नाना मरेपर्यंत ओरडायचा, "ऊठ, ऊठ! ती वैजूची जागा हाय. ती बसली न्हाई तर आपण हरतो!"

मी बसायचे. आम्ही तरी हरायचो. नाना आभाळाकडं बघून शिव्या द्यायचा, मी दोन बोटं तोंडात घालायचे, आणि पुढच्या रविवारी उजाडायच्या आत आम्ही दोघं पुन्हा पायरीवर.